आधी पोर्ट मोज

"मॅडम, हा केव्हीएम बेकार निघाला." हे वाक्य मला पाठवताना तुला काहीच वाटलं नाही? डबा बेकार निघाला, की तू न बघता घेतलास? खरं काय ते बोल.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. टेबलावर दोन लॅपटॉप, एक कंपनीचा, एक तुझा. समोर दोन २७ इंची फोरके मॉनिटर. मध्ये तो काळा डबा, एकाच कीबोर्ड-माऊस-मॉनिटरवर दोन कंप्यूटर आलटून-पालटून चालवणारा केव्हीएम स्विच. डब्यातून एक वायर स्प्लिटरमध्ये गेली आहे आणि स्प्लिटरमधून दोन वायरी दोन मॉनिटरना. वर तक्रार अशी, की दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दिसतं. अरे, मग दुसरं काय दिसणार? एका चित्राच्या दोन प्रती काढायच्या, एवढंच स्प्लिटरचं काम. दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रं हवी असतील तर प्रत्येक लॅपटॉपमधून दोन वायरी निघायला हव्यात. म्हणजे स्विचला चार तोंडं आत आणि दोन बाहेर. दोन मॉनिटरचा केव्हीएम वेगळा येतो, महाग येतो, आणि त्याच्या खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. हे तुला कुणी सांगायला हवं होतं? तुला माहीत होतं. तू विचार केला नाहीस.

ज्याला येत नाही त्याला पुन्हा पुन्हा शिकवायचा मला कधी कंटाळा आला नाही. येत असून हातपाय न हलवणाऱ्याचं काय करायचं?

"वेळ नव्हता," म्हणालास. रात्र रात्र मोबाइलवर रिव्ह्यू वाचत बसलास, त्याला वेळ होता. त्याच खोलीत चार पावलांवर लॅपटॉप पडला होता. उठून त्याच्या कडेला कोणते पोर्ट आहेत ते बघायला वेळ नव्हता? "लोकांनी पाच तारे दिलेत," म्हणालास. त्या लोकांच्या टेबलावर तुझे लॅपटॉप होते? एकाकडे दोन साधे पीसी असतील, एक जुना फुल एचडी मॉनिटर असेल, त्याचं काम झालं, त्याने तारे दिले. त्याने काही चूक केली नाही. त्याच्या ताऱ्यांवर तू स्वतःचं टेबल उभं केलंस, ही चूक तुझी. आणि "तात्पुरतं घेतलंय" हे तर मला ऐकवूच नकोस. तुझ्या घरातल्या तात्पुरत्या वस्तू किती वर्षं टिकतात ते तुला ठाऊक आहे.

आता खोक्यावरच्या त्या अक्षरांकडे येऊ. मोठ्या अक्षरात फोरके. तू तेवढंच वाचलंस. त्याच खोक्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात ३० हर्ट्झ छापलंय, तुझ्याच फोटोत दिसतंय. गेले चार दिवस माऊसचा बाण अडखळतोय म्हणून तू कंपनीच्या व्हीपीएनला दोष देतोयस, आयटीवाल्यांकडे तक्रारही टाकलीस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! ३० हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला ३० वेळा नवी होते, दर ३३ मिलिसेकंदांनी एकदा. ६० हर्ट्झला तीच गोष्ट साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांत होते. बाण अडखळणारच. व्हीपीएनचा काय संबंध?

नोकरीत तू दिवसभर कसले हिशेब करतोस? या लिंकवर किती डेटा जाईल, कुठे कोंडी होईल, याचेच ना? मग एकदा घरच्या वायरीचाही कर. ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८३ लाख. गुणिले ६०. गुणिले २४ बिट, लाल-हिरव्या-निळ्याला प्रत्येकी आठ. सेकंदाला जवळजवळ १२ गिगाबिट, आणि हे नुसतं दिसणारं चित्र. ओळी-ओळींमधल्या आणि चित्रा-चित्रांमधल्या रिकाम्या जागा धरल्या की प्रमाणित टायमिंगला तेच १४.२६ होतं. एचडीएमआयचं जुनं कोडिंग आठ बिटांमागे दहा पाठवतं, म्हणजे वायरीवर प्रत्यक्षात १७.८२ गिगाबिट. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२. बसतं का? बसत नाही. मग ते ३० हर्ट्झवर उतरतं किंवा रंगाची माहिती छाटतं. छाटली की काळ्यावरची लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, आणि तू दिवसभर टर्मिनलमध्ये काळ्यावर रंगीत अक्षरंच वाचतोस. २०१३ साली आलेल्या २.० ची मर्यादा १८. त्यात हे चित्र मावतं. चार गुणाकार आणि एक तुलना. याला किती वेळ लागला? हेच गणित परीक्षेत तू बरोबर सोडवलं होतंस, पूर्ण मार्क घेतले होतेस. घरी मात्र पैसे मोजून झाल्यावर तुला ते माझ्याकडून करून हवंय?

आणि पुढच्या वेळी "बघा, २.१ लिहिलंय" असं म्हणत येऊ नकोस. नियमच असे बदललेत की २.० च्याच क्षमतेच्या वस्तूवरही २.१ छापता येतं. ४८ गिगाबिट हवेत म्हणून नुसता आकडा बघून घेतलास तर पुन्हा तिथेच येशील. आवृत्तीचा आकडा सोड. किती रिझोल्यूशन, किती हर्ट्झ, रंग पूर्ण की छाटलेला, आणि हे सगळं प्रत्येक मॉनिटरला एकाच वेळी मिळतं की नाही, एवढं विचार. विकणारा उत्तर देत नसेल तर ते उत्तरच समज.

केबलचं काय केलंस? टेबलाखालून नेता यावी म्हणून तीन मीटरची घेतलीस. लॅपटॉपपासून डब्यापर्यंत एक, डब्यापासून मॉनिटरपर्यंत दुसरी, मध्ये स्विच आणि तो स्प्लिटर. सिग्नलच्या दृष्टीने ही एकच लांब वाट आहे, मधल्या प्रत्येक सांध्यावर तो थोडा थोडा खचतो. उद्या ६० हर्ट्झ मिळालं की १८ च्या मर्यादेत १७.८२ जाणार, म्हणजे काठोकाठ भरलेली कळशी, जरा धक्का लागला की सांडणार. मग दर काही मिनिटांनी स्क्रीन क्षणभर काळी होते. तेव्हा तू मॉनिटर बदलायला निघशील, मला आत्ताच दिसतंय. केबल आखूड घे, दोन्ही टप्पे मिळून जेवढे कमी तेवढे चांगले. लांब जायचंच असेल तर सिग्नल नव्याने उभा करणारा स्विच आहे का ते आधी विचार.

विंडो विस्कटतात, ही तुझी तिसरी तक्रार. बटण दाबून परत आलं की सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. याची मला सगळ्यांत जास्त चीड आली, कारण ईडीआयडी काय असतं हे तू स्वतः प्रोजेक्टमध्ये वाचलं होतंस. मॉनिटरच्या आत स्वतःची ओळख सांगणारी एक नोंद असते. मूळची १२८ बाइटची, जास्तीच्या माहितीसाठी पुढे आणखी तुकडे. बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, मूळ रिझोल्यूशन किती, कोणती टायमिंग चालतात. कंप्यूटर ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. तू बटण दाबलंस की साधा डबा ही ओळख आणि मॉनिटर जोडलेला असल्याची खूण दोन्ही एकदम काढून घेतो. कंप्यूटरला वाटतं, मॉनिटर उपटला. उघड्या विंडो तो बिचारा आहे त्या स्क्रीनवर आणतो. त्याने बरोबरच केलं. चांगला स्विच दोन्ही लॅपटॉपना 'मॉनिटर आहे' असं सांगत राहतो, तू तिकडे असलास तरी. याला ईडीआयडी इम्युलेशन म्हणतात. वस्तूच्या माहितीत हे शब्द असतील तर ठीक, नसतील तर ती सोय नाही असंच धर. विंडोज ११ मध्ये मॉनिटरप्रमाणे विंडोंच्या जागा लक्षात ठेवायची सेटिंग आहे, तिने थोडं निभतं. ती तरी उघडून पाहिलीस का? नाही पाहिलीस.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच सांगते: तो स्विचवर लावूच नकोस. मीटिंग चालू असताना तू दुसऱ्या लॅपटॉपवर एक मेल बघायला बटण दाबतोस, कॅमेरा आणि माइक तुझ्यामागून निघून जातात, आणि समोरच्यांना वाटतं तू मीटिंग सोडलीस. स्विच तेच करतोय जे तू त्याला सांगितलंस. मीटिंग कंपनीच्या लॅपटॉपवर होतात ना? मग कॅमेरा आणि माइक त्यालाच थेट लाव. शिवाय तुझ्या डब्याला स्वतःचा ॲडाप्टर नाही, तो लॅपटॉपकडूनच वीज घेतो. यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो. त्यात डबा, कीबोर्ड, माऊस, कॅमेरा, वर तुझी हार्ड डिस्क. कुणाकुणाला पुरणार?

कीबोर्डचंही तेच. काही स्विच कीबोर्डचं सोंग स्वतः घेतात, म्हणजे लॅपटॉपला खरा कीबोर्ड दिसतच नाही. त्याने स्विचिंग झटपट होतं, पण जास्तीची बटणं आणि दिवे मुके होतात. तशा कीबोर्डसाठी सरळ आरपार जाणारा यूएसबी पोर्ट हवा. स्क्रोल लॉक दोनदा दाबून अदलाबदल करणारा स्विच बघून ठेवला होतास, तुझ्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक आहे का ते बघितलंस? आणि ब्लूटूथचा कीबोर्ड असेल तर तो या डब्यातून जातच नाही. त्याला डोंगल हवा.

हे सगळं तर झालंच. पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे, आणि ती ऐकताना मान खाली घालू नकोस, वर बघ.

तुझा लॅपटॉप कोणता? एम१ चिपचा मॅकबुक एअर. तो बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. २०२० साली तो बाजारात आला तेव्हापासून ॲपलच्या तांत्रिक माहितीत हे छापलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही. डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर टाकून, चित्र दाबून यूएसबीवरून पाठवायची आडवाट आहे, तिचे त्रास वेगळे. सरळ वाटेने दुसरा मॉनिटर त्याच्यावर चालणार नाही. मग दोन मॉनिटर दोन्ही लॅपटॉपमध्ये वाटून घ्यायचा बेत तू कशाच्या जोरावर आखलास? ज्या लॅपटॉपला दुसरा मॉनिटर दाखवताच येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या मॉनिटरचा स्विच शोधत होतास. जगातला सगळ्यात महागडा केव्हीएम आणला असतास तरी हे बदललं नसतं. वर्षानुवर्षं वापरतोयस ते यंत्र. त्याचं माहितीपत्रक एकदा उघडलं नाहीस?

आता डाव्या मॉनिटरकडे बघ. फोटोत त्याची मागची बाजू दिसतेय. खाली एक यूएसबी-सी, शेजारी चौकोनी तोंडाचा यूएसबी-बी, मग दोन साधे यूएसबी. हा चौकोनी पोर्ट कशासाठी असतो? प्रिंटरच्या मागे असतो तसला. कंप्यूटरकडून मॉनिटरच्या हबमध्ये यूएसबी आत येण्यासाठी. मॉनिटरला यूएसबी आत घ्यायची दोन तोंडं कशाला दिली असतील? दोन कंप्यूटर लावता यावेत म्हणूनच. तुझ्या मॉनिटरमध्येच केव्हीएम आहे! तो तू विकत घेतलास त्या दिवसापासून आहे. त्याची केबल अजून खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारेने बांधलेली पडली असेल. जा, बघ. माळ्यावर चढावं लागलं तरी चढ.

कीबोर्ड-माऊस मॉनिटरच्या मागे लाव. मॅकबुक यूएसबी-सीने जोड, एकाच वायरीत चित्र, यूएसबी आणि चार्जिंग. कंपनीचा लॅपटॉप एचडीएमआयने, आणि त्याच्याकडून ती चौकोनी केबल. मॉनिटरच्या मेन्यूत यूएसबी कोणत्या इनपुटबरोबर जायचं ते एकदा ठरव. मग इनपुट बदललं की कीबोर्ड आपोआप बदलतो. यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान जोड्या चार, त्या चित्र आणि डेटा दोघांत वाटायच्या. म्हणून बऱ्याच मॉनिटरच्या मेन्यूत रिझोल्यूशनला प्राधान्य की डेटाच्या वेगाला, असा पर्याय असतो. तुला फक्त कीबोर्ड-माऊस चालवायचाय, तू चित्राला दे. उजवा मॉनिटर कंपनीच्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून थेट. त्याला बदलायचंच नाही कधी. आधी एवढं बघ की त्या यूएसबी-सीतून चित्र येतं का. सगळ्यांतून येत नाही, शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण शोध, नसेल तर मॉडेलची माहिती काढून वाच.

झालं. विकत काय घ्यायचं? फार तर एक केबल. आणि तू काय घेतलंस? स्विच, स्प्लिटर, तीन मीटरची वायर, आणि आता त्याहून महागड्या स्विचची लिंक मला पाठवून विचारतोस, "हा घेऊ का?" नको घेऊस. पैसे टाकले की विचार करण्यापासून सुटका होते, ही सवय तुला कधी लागली? कॉलेजात अशी नव्हती. एका सर्किटमधला दोष शोधायला तू लॅब बंद होईपर्यंत बसायचास, शिपाई ओरडायचा तरी उठायचा नाहीस. तो मुलगा मला चांगला आठवतो. म्हणून तर एवढं लिहितेय, नाहीतर "परत कर" एवढं लिहून मोकळी झाले असते.

उद्या तू डेस्कटॉप घेशील, तेव्हा दोन्ही यंत्रं दोन्ही मॉनिटर चालवू शकतील आणि हा प्रश्न खरोखर उभा राहील. तेव्हाही आधी स्वस्त वाट बघ. मॉनिटरला तीन-तीन इनपुट आहेत. दोन्ही यंत्रांच्या वायरी थेट मॉनिटरमध्ये घाल आणि फक्त कीबोर्ड-माऊससाठी साधा यूएसबी स्विच घे. चित्र कुठल्याही डब्यातून जात नाही, म्हणजे हर्ट्झ, केबल, ईडीआयडी, सगळ्या कटकटी निम्म्याहून कमी. मॉनिटरचं बटण दाबायचा कंटाळा असेल तर कंप्यूटरकडून मॉनिटरला इनपुट बदलायचा आदेश देता येतो, डीडीसी-सीआय नावाची सोय त्यासाठीच आहे. कीबोर्ड गेला-आला हे ओळखून तो आदेश पाठवणारी फुकटची सॉफ्टवेअरं मिळतात. बऱ्याच जणांना एवढं पुरतं. दिवसातून असंख्य वेळा इकडून तिकडे जायचं असेल आणि एकाच बटणावर सगळं हवं असेल, तरच दोन मॉनिटरचा खरा केव्हीएम. डिस्प्लेपोर्टचा घेशील तर १.४ चा घे. एका वायरीतून दोन मॉनिटर काढणारी एमएसटी मॅकओएसमध्ये दोन वेगळ्या स्क्रीन देत नाही, हेही तेव्हा विसरू नकोस. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी वायर आणि उलट जाणारी वायर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आणि घेण्याआधी लॅपटॉप उचलून तापकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानात जा. काउंटरवर जोडून दाखव म्हणावं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघड, तिथे हर्ट्झ किती आणि रंगाचा प्रकार कोणता ते स्पष्ट लिहिलेलं असतं. स्वतःच्या डोळ्यांनी वाच. लॅपटॉप झोपवून उठव, दोन्ही बाजूंनी बटण दाबून बघ. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर हे सगळं खोकं उघडल्याच्या दिवशीच कर. परतीची मुदत उलटल्यावर नको.

त्या मुदतीवरून, हा डबा अजून परत करता येतोय ना? मग आज पॅक कर. "रविवारी करतो" चालणार नाही, रविवारपर्यंत मुदत संपलेली असेल, आणि तुला ते माहीत आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती तू मुद्दाम टाळतोयस असा माझा संशय आहे. कंपनीच्या लॅपटॉपला घरचा यूएसबी हब लावायची परवानगी आहे का? दुसऱ्या यंत्राशी वाटून घेतलेला कीबोर्ड त्यांना चालतो का? काही कंपन्या अनोळखी यूएसबी यंत्रं सरळ बंद करतात, काहींना नेटवर्कवरून माऊस वाटून देणारी सॉफ्टवेअरं अजिबात चालत नाहीत, आणि त्यांची कारणं रास्त आहेत. तू विचारलं नाहीस, कारण 'नाही' ऐकायचं नव्हतं. व्हीपीएनची खोटी तक्रार त्यांच्याकडे टाकायला हात धजावला, खरा प्रश्न विचारायला धजावत नाही? ती तक्रार मागे घे आणि त्याच मेलमध्ये हे विचार. "विचारतो, मॅडम" असं मला कळवू नकोस. मेल पाठव, मग कळव.